वारा लागंल

थंडीत तान्हं मूल घेऊन गावाला निघायचं, तर गाडीच्या तिकिटाआधी इंदूकाकूंची परवानगी काढावी लागे. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत हा नियम कोणी केलेला नव्हता आणि तो मोडायची कोणाची छातीही नव्हती. रिक्षा दाराशी उभी राहिली, बॅगा चढल्या, बाळंतीण पदर सावरत खाली आली, की समोरच्या ब्लॉकचं दार वाजायचं आणि काकू जिना उतरायच्या. ठेंगण्या, रुंद, कान झाकून बांधलेला मफलर, तोही नवऱ्याचा. दुपट्याचं टोक बोटानं बाजूला करून त्या उजव्या हाताची मागची बाजू बाळाच्या गालाला लावायच्या. तेवढा वेळ रिक्षावालासुद्धा इंजिन बंद ठेवी.

"गरम हाय," त्या म्हणायच्या. "जा आता. कुठं उघडू नको. वारा लागंल."

गाल गार लागला तर मात्र खैर नसे. मूल परत वर जायचं, तळपाय तेलानं चोळले जायचे, आणखी एक टोपडं चढायचं. या भानगडीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या जावईबापूंची गाडी दोनदा चुकली. दुसऱ्यांदा ते रागानं काहीतरी बोलायला गेले, तर काकू शांतपणे म्हणाल्या, "गाडी रोज येती हो." जावईबापू पुढच्या वर्षीपासून बायकोला उन्हाळ्यात माहेरी पाठवू लागले.

काकूंना थंडीचं भय नव्हतं. स्वतः ऐन पौषात गार पाण्यानं अंघोळ करायच्या. त्यांचं वैर होतं ते वाऱ्याशी. वारा हा शब्द त्या अशा काही तोंडानं उच्चारायच्या, की कोणीतरी माणूस गल्लीच्या तोंडाशी दबा धरून बसलाय असं आम्हा पोरांना वाटायचं. वारा फटीतून येतो, वारा मागून येतो, वारा झोपलेल्याला बघून येतो. माझी धाकटी बहीण शालू लहानपणी संध्याकाळी एकटी खाली जायला घाबरायची, ती भुताला नाही, काकूंच्या वाऱ्याला.

मूळच्या त्या सटाण्याकडच्या. इतकी वर्षं नाशिकरोडला काढून बोलणं बरंच शहरी झालं होतं, पण घाबरल्या किंवा चिडल्या की आतली बागलाणी बाहेर यायची. एकदा सटाण्याच्या एसटीत त्यांच्या शेजारी एक बाई लेकरू घेऊन बसली होती आणि त्या खिडकीला काचच नव्हती. काकूंनी आपली पांघरायची चौघडी काढून खिडकीत कोंबली. कंडक्टर म्हणाला, मावशी, लोकांचा जीव गुदमरतोय. काकू उठून उभ्या राहिल्या. "तुना पोऱ्या शे का हाऊ? मंग गप ऱ्हाय." देवळ्यापर्यंत गाडीतलं कोणी हूं की चूं केलं नाही. हा किस्सा काकू स्वतःच सांगायच्या आणि पदरानं डोळे पुसत हसायच्या.

त्यांचे यजमान अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये होते. पाळीची नोकरी, अबोल माणूस, चालताना नजर जमिनीवर. या दोघांचं भांडण म्हणजे आमच्या जिन्याची हिवाळ्यातली करमणूक होती. काकूंकडे एक छोटी लोखंडी शेगडी होती, दोन बाजूंना कड्या असलेली. दिवेलागणीला काकू ती पेटवून घरात आणत आणि सगळ्या खिडक्या लावून घेत. पाच मिनिटांनी अण्णा उठत आणि एक खिडकी उघडत. काकू ती धाडकन लावत. अण्णा परत उघडत. काकू त्यांना, त्यांच्या वाडवडलांना आणि वाऱ्याला एका दमात शिव्या देत. अण्णा एक शब्द बोलत नसत, पण खिडकी उघडी राही. "अण्णांना बायकोपेक्षा वारा प्यारा," असं आमचे वडील म्हणत आणि आम्ही हसायचो.

काकूंना मूल नव्हतं. म्हणजे एक होतं, आणि गेलं होतं. हे त्यांनी मला एकदा संक्रांतीचा हलवा करताना सांगितलं, तेही मी विचारलं नसताना. परातीत खसखस हलवत, पाक थेंबाथेंबानं सोडत, वर न बघता.

मुलगा तीन महिन्यांचा. पहिली संक्रांत सासरी व्हायला पाहिजे, बोरन्हाण करायचं, म्हणून थंडीतच माहेराहून निघाल्या. दुसरं वाहन मिळेना, म्हणून भावानं ओळखीच्या कांद्याच्या ट्रकमध्ये बसवून दिलं. अण्णा पुढं ड्रायव्हरपाशी. मागं गोण्यांच्या मधे जागा करून, वरून ताडपत्री ओढून काकू, मूल आणि शेकायला शेगडी.

"लय ऊब व्हती," काकू म्हणाल्या. "पण मधे कुठंतरी ताडपत्रीचं टोक सुटलं. फडफड वारा आत आला. मी त्या टोकाला पाठ लावून आडवी झाले. सगळा वारा अंगावर घेतला, पोराकडं झुळूक जाऊ दिली नाय. तरी त्यानं डाव साधला. नाशकात ताडपत्री उघडली तर पोर गेलेलं." हलव्याच्या दाण्यावर काटा फुटत होता, तो त्यांनी निरखून बघितला. "गेला तरी गाल कसे लाल व्हते रे. झोपल्यासारखा. जिता वाटायचा."

मी तेव्हा कॉलेजात होतो. परातीतल्या खसखशीचा आवाज तेवढा येत राहिला आणि आतल्या खोलीत अण्णांनी खिडकीची कडी काढली.

पुढं शालूचं लग्न झालं, तेही सटाण्यालाच. कांद्याचे व्यापारी, माणसं चांगली, पण रीतीभातीला पक्की. बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. मुलगी झाली, मीनू. काकूंनी तिला पहिल्या दिवसापासून आपल्या ताब्यात घेतलं. न्हाऊ घालणं, शेक, धुरी, सगळं काकू. मीनू त्यांच्या मांडीवर पडली की रडं थांबवायची. पौषात सासरहून निरोप आला, की नातीची पहिली संक्रांत आहे, बोरन्हाण आमच्या घरी होईल, काळं झबलं शिवून ठेवलंय, मुलीला घेऊन या.

बाहेर त्या वर्षी थंडी अशी, की द्राक्षवाले बागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवत होते. आई म्हणाली, चार दिवस थांबू. वडील म्हणाले, संक्रांत थांबत नाही. बहिणीला पोचवायला भावानं जायचं, म्हणून मी निघणार होतोच. आईचे गुडघे धरलेले. पाठराखीण म्हणून काकू आपण होऊन तयार झाल्या. "माझं माहेर तिथंच हाय. मी बसते पोरीजवळ," त्या म्हणाल्या. आईला तर देवच पावला. वडिलांनी ओळखीच्या रफिकभाईंची जीप ठरवली.

रेल्वेत, एसटीत शेगडी कोणी नेऊ देत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काकूंच्या हाताशी अख्खी गाडी आली होती. पहाटे मी खाली उतरलो, तर त्यांनी जीपचं रूप पालटलं होतं. मागच्या रेक्झिनच्या पडद्यांना आतून चौघड्या टाचल्या होत्या. फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. रफिकभाईंच्या बाजूची काच अर्धवट खालीच अडकलेली असायची, म्हणून पुढची सीट आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाड सतरंजी बांधली होती. आत शालू मीनूला मांडीवर घेऊन बसली होती. मीनूचं नाकाचं टोक तेवढं दिसत होतं, तेही काकूंनी झाकलं. मग त्यांनी फुललेल्या निखाऱ्यांची शेगडी उचलून पायापाशी ठेवली. आईनं वरून चिमूटभर ओवा टाकला. कॉलनीतल्या दोनतीन बायका शालीत गुरफटून बघत होत्या. एक म्हणाली, "नशीब लागतं हो, असं कोणी करायला."

अण्णा नव्हते. त्यांची पहिली पाळी होती.

काकूंनी मीनूच्या गालाला हात लावला. "गरम हाय," त्या म्हणाल्या. पडदा खाली आला आणि त्याच्या दोऱ्या आतून बांधल्याचा आवाज आला.

पिंपळगावपर्यंत मागून काकूंचा आवाज येत होता. अंगाई म्हणावी तर ती बागलाणीत होती आणि तिच्यात वाऱ्याला दटावणंच जास्त होतं. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर उठून रस्त्यावर पसरला होता. रफिकभाई दिवे लावून हळू चालवत होते. पुढं अडकलेल्या काचेतून गार वारा थेट माझ्या कानशिलावर येत होता आणि मला मागच्या उबेचा हेवा वाटत होता. एकदा शालू म्हणाली, "दादा, डोकं दुखतंय रे." काकू म्हणाल्या, "पहाटं उठलीस ना, म्हणून. डोळे मीट." पुढं केव्हातरी अंगाई थांबली. तिघी झोपल्या असतील, असं मला वाटलं. रफिकभाईंनीही हॉर्न वाजवणं सोडलं, बच्ची सोयी है म्हणून.

देवळ्याच्या अलीकडं घाटात गाडी तापली. पाण्याचा कॅन मागं होता. रफिकभाईंनी बाहेरून हाक मारली, "चाची, जरा परदा खोलो." आतून उत्तर आलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ओरडतील, सांभाळा. त्यांनी दोरीत हात घालून पडदा वर केला. डोंगरावरचा वारा भस्सकन आत घुसला, सतरंजी फुगली, शेगडीतले निखारे लाल झाले.

आणि काकू काही बोलल्या नाहीत.

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी तान्ह्या मुलावर वारा सोडला होता आणि काकू नुसत्या बघत होत्या. डोळे उघडे, पण नजर कुठंच नव्हती. शालूची मान एका बाजूला कलंडली होती. मी तिला ओढून खाली घेतलं तर ती रस्त्यावरच ओकली. मीनूला रफिकभाईंनी उचललं. तिचे हात लोंबत होते. ती रडली नाही, हलली नाही. गाल मात्र लालचुटूक होते, कोणालाही वाटावं पोर किती गुटगुटीत.

देवळ्याच्या दवाखान्यापर्यंत रफिकभाईंनी गाडी कशी आणली ते मला आठवत नाही. सतरंजी, चौघड्या मी वाटेत फाडून काढल्या एवढं आठवतं. आणि पोरीच्या तोंडाजवळ कान नेऊन मी सारखा ऐकत होतो, श्वास आहे की आपल्याला भास होतोय. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, पुढंही नाही.

डॉक्टर तरुण होते, स्वेटरवर स्वेटर चढवलेले. त्यांनी गाडीत डोकावून शेगडी बघितली आणि काही विचारलंच नाही. आधी मीनूच्या नाकाला ऑक्सिजन लावला. आम्ही उभे. खिडकीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. बऱ्याच वेळानं मीनूनं एक बारीक कुरकुर केली, मग दम घेतला आणि मग अशी रडली की शालू भिंतीला टेकून खालीच बसली.

त्यानंतर डॉक्टर रागावले. "थंडीत लेकराला ऊब पाहिजे, कोण नाही म्हणतंय? कपडे घाला, आईच्या अंगाशी धरा. तोंड झाकू नका. गाडीची काच चार बोटं खाली ठेवा. बंद गाडीत निखारे? त्यातून विषारी वायू सुटतो. त्याला वास नाही, दिसत नाही. आणि फसवतो कसा, माहितीय? माणूस काळानिळा पडत नाही. गाल लाल दिसतात. गेलेला माणूससुद्धा लाल दिसतो."

काकू बाकावर बसल्या होत्या. डोकं दोन्ही हातांत धरलेलं, मफलर सुटून खांद्यावर आलेला. त्यांनी मान वर केली.

"मना पोऱ्या बी लाल व्हता," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं. मी काकूंकडं बघू शकलो नाही.

"त्याले तं वारा लागना व्हता," काकू म्हणाल्या. वारा लागला होता, हे त्या डॉक्टरांना सांगत नव्हत्या, विचारत होत्या. "ताडपत्री सुटनी व्हती ना. मी आडवी झायनू. वारा जाऊ दिधा नही त्याकडे."

"कसला वारा, आजी?" डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं त्या आजच्याबद्दलच बोलतायत. "वाऱ्यानंच वाचली ही. मागचा पडदा उघडला, म्हणून. नाहीतर सटाण्यात पोचेपर्यंत संपलं होतं."

काकूंनी मफलर काढला, त्याची नीट घडी केली आणि शेजारी ठेवला. आम्ही पुढं निघालो तेव्हा जीपचे सगळे पडदे वर गुंडाळले होते. मीनू शालूच्या पदराआड छातीशी, तोंड उघडं. काकू मागच्या फळीपाशी अगदी टोकाला बसल्या, मुलीपासून जितकं लांब बसता येईल तितकं. वारा त्यांच्या केसांतून जात होता. रफिकभाईंनी उतरवलेली शेगडी दवाखान्याच्या पायरीशीच राहिली. कोणी आठवण केली नाही.

बोरन्हाणाला काकू थांबल्या नाहीत, परस्पर माहेरी गेल्या. मी परत आल्यावर अण्णांना सांगायला गेलो. ते जेवत होते. सगळं ऐकून त्यांनी ताट सारलं.

"पोरगी बरी हाय ना?" त्यांनी तीनदा विचारलं. मग म्हणाले, "मला ठाऊक व्हतं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तवाच. नाशकाच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, शेगडीनं गेलं म्हणून. ती भायेर बसली व्हती, पोर मांडीवर घेऊन. शेगडी तिनंच पेटवलेली. तिला काय सांगू? ती म्हणली वारा लागला. मी म्हणलो हो, वारा लागला." ते खरकट्या हाताकडं बघत होते. "वाऱ्याचं काय जातंय बाबा? त्याला किती बी शिव्या दिल्या तरी चालतंय. मी घरातली खिडकी उघडत राहिलो. गाडीत शेगडी नेईल असं ध्यानीमनी नव्हतं."

मला त्यांचा भयंकर राग आला. एका शब्दापायी माझी भाची गेली असती. आजही ती पहाट आठवली की तो राग येतो. पण लगेच त्या दवाखान्याबाहेर मांडीवर मूल घेऊन बसलेली वीसएक वर्षांची मुलगी डोळ्यांपुढं येते, आणि मीही तिला दुसरं काय सांगितलं असतं, ते मला ठरवता येत नाही.

काकू परत आल्या त्या संध्याकाळी मी जिन्यात होतो. त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. आतून त्यांचा आवाज आला, चढा नाही, साधाच. "तुमाले ठाऊक व्हतं." अण्णांचं उत्तर ऐकू आलं नाही. मग एकामागून एक कड्या निघाल्याचे आवाज आले. घरातली प्रत्येक खिडकी उघडली जात होती, आणि या वेळी उघडणारे अण्णा नव्हते.

त्यानंतर कॉलनीत कितीतरी बाळं आली आणि थंडीतच गावाला गेली. रिक्षा दाराशी उभी राहायची, बाळंतीण सवयीनं समोरच्या ब्लॉककडं बघून घुटमळायची. दार वाजायचं नाही. नव्या बायकांना वाटे, म्हातारी शिष्ट आहे. एकदा माझ्याच आईनं त्यांना एका बारशाला खूप आग्रह केला, तर म्हणाल्या, "माझा हात नको लावायला." आमच्या घरी आम्ही त्या पहाटेबद्दल कोणापाशी बोललो नाही. त्या उघड्या खिडक्यांच्या घरासमोरून हिवाळ्यात जाताना मात्र मी पावलं उचलायचो. आत दोघं शाली पांघरून समोरासमोर बसलेले दिसायचे आणि पडदे सारखे हलत असायचे.

अण्णा निवृत्त झाल्यावर दोघांनी सटाण्याकडं जायचं ठरवलं. सामानाचा टेम्पो आला तोही हिवाळ्यातलाच दिवस होता. शालू तेव्हा आमच्याकडे आलेली, मीनू सातवीत. मीनूला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती नुसती पाया पडायला म्हणून धावत खाली गेली, बिनस्वेटरची. शालू गॅलरीत उभी राहिली, ती खाली आली नाही.

काकू पुढं बसल्या होत्या, खिडकीशी, बोडक्या डोक्यानं. अण्णांना त्या वर्षी खोकला धरला होता. ते म्हणाले, काच लाव. काकूंनी त्यांच्या छातीवरची शाल नीट केली आणि काच होती तशीच खाली ठेवली.

मीनूनं खिडकीतून हात आत घालून त्यांच्या गुडघ्याला लावला. काकू तिच्याकडं बघत राहिल्या. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, मधेच थांबला, परत खाली गेला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. मग एकदम त्यांनी हात बाहेर काढला आणि त्याची मागची बाजू मीनूच्या गालाला लावली.

"गार शे," त्या म्हणाल्या, आणि टेम्पो हलेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.